देवाआधीची तारीख

"सूनबाय, तुमचे उपकार कसे फेडूचे ता सांगा," प्रभाकर मेस्त्री फोनवर म्हणाले. "जत्रेची तारीख चार म्हयने आदी गावली, असा माझ्या जल्मात पयल्यांदा झाला. दोनशे चाळीस तिकिटा काढली. सगळी कन्फर्म."

मी मागच्या पडवीत वाल सोलत बसले होते. फोन कान आणि खांद्यामध्ये धरलेला, हातात वाल. मला वाटलं, हे दुसऱ्याच कुठल्या गावच्या जत्रेबद्दल बोलतायत.

"कसली तारीख?" मी विचारलं.

"कसली म्हणजे? एकतीस जानेवारी, शनवार. तुमच्या वेबसायटीर आसा मां. आमची पोरा काल रात्रीच बगीत होती. सकाळी आठाक रिझर्वेशन खुलला आणि सवाआठाक गाड्ये भरले. तीन गाड्यांत मिळान दोनशे चाळीस. आता फक्त जत्रेची वाट बगूची."

पुढे ते बरंच काही बोलले. गावच्या मुंबईकर मंडळाचे सेक्रेटरी ते, बोलायला लागले की थांबायचे नाहीत. मी "हो, हो" करत राहिले आणि माझ्या हातातले सोललेले वाल सालांच्या टोपलीत पडत राहिले.

आता यात वाईट काय, असं परक्या माणसाला वाटेल. मलाही वाटलं असतं. मी मूळची संगमनेरची. धामणगेरीत सून म्हणून येऊन तेव्हा मला दीड वर्ष झालं होतं. आमच्याकडे यात्रेला ठरलेली तिथी असते, कॅलेंडरात बघितलं की झालं. धामणगेरीच्या रवळनाथाच्या जत्रेला तिथी नाही. देवदिवाळीनंतर गाव देवळात जमतो, देवाला कौल लावतात, आणि देव सांगेल तो जत्रेचा दिवस. त्याआधी जत्रेची तारीख कोणाला माहीत नसते. माहीत असूच शकत नाही.

हे सगळं मला सांगितलेलं होतं. तरीही ती तारीख वेबसाइटवर घातली होती ती मीच.

देवस्थानची वेबसाइट मी केली होती. नाशकात दोन वर्षं हेच काम केलं होतं, आणि इथे आल्यावर हात शिवशिवत होते. कमिटीत कोणीतरी वेबसाइटचा विषय काढला, तेव्हा माझे सासरे उभे राहून म्हणाले होते, "आमची सून करतली." मग मी मन लावून केली. देवळाचे फोटो, सगळ्या वाड्यांची माहिती, आणि 'येणारे कार्यक्रम' असं एक पान. दसऱ्याच्या आधी दोन दिवस मी ते पान भरायला बसले. तुळशीचं लग्न, सप्ताह, शिमगा, एकेक करून सगळं भरत गेले. जत्रेपाशी आले आणि अडले. नाव लिहिलं, फोटो लावला, "तारीख कौलानंतर जाहीर होईल" असं वर्णनातही लिहिलं, पण तारखेचा रकाना रिकामा ठेवला की पान काही केल्या जतन होईना. रकान्याभोवती लाल चौकट यायची. चार वेळा करून पाहिलं. शेवटी वैतागून एकतीस जानेवारी घातली, म्हटलं नंतर बदलू, आणि उठून भाकऱ्या भाजायला गेले.

वेबसाइटच्या पहिल्या पानावर कार्यक्रमाचं फक्त नाव आणि तारीख दिसते, वर्णन बघायला 'अधिक वाचा' दाबावं लागतं, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. आणि मुंबईकराला तारीख दिसल्यावर तो कशाला अधिक वाचत बसतोय? वर माझी हौस अशी, की जत्रेला किती दिवस आणि किती तास उरले ते दाखवणारं घड्याळही मी तिथे लावलं होतं. ज्यांनी ज्यांनी नाव नोंदवलं होतं त्यांना नव्या कार्यक्रमाचा संदेश आपोआप जायचा, तोही गेला. तेव्हा गाडीचं आरक्षण चार महिने आधी उघडायचं. म्हणजे माझी तारीख बरोबर त्या मुहूर्तावर त्यांच्या हाती पडली होती.

फोन ठेवला आणि आधी धावत जाऊन ती तारीख काढून टाकली. मग आबांना शोधायला बागेत गेले.

माझे सासरे भिवा धुरी, त्यांना मी आबा म्हणायची. अडुसष्ट वर्षांचे, उंच, बोलायला कमी. पण देवासमोर उभे राहिले की त्यांचा आवाज पार रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. गाऱ्हाणं घालायचा मान धुऱ्यांच्या घराचा, आणि गेली तीस वर्षं तो आबांकडे होता. गावाची अडचण, गावाची मागणी, काही असो, हात जोडून ती देवाच्या कानावर घालायची ती त्यांनी. तेवढा एक मान सोडला तर त्या माणसाने आयुष्यात कशाचाही हट्ट धरला नव्हता.

ते माडाचं आळं साफ करत होते. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. ते खोरं टेकवून ऐकत राहिले.

"म्हणजे," ते म्हणाले, "देवाक इचारूच्या आदी आमच्या घरातसून तारीख भायर पडली."

"हो."

"तोच दिस कित्याक घातलंस?"

हा प्रश्न ते विचारतील असं मला वाटलं नव्हतं. खोटं बोलायची सोय नव्हती. "शनिवार होता म्हणून," मी म्हटलं. "माझ्या भावाला शनिवारची सुट्टी असते. आईने अजून माझं घर पाहिलेलं नाही. म्हटलं, असाच एखादा शनिवार आला तर तो तिला घेऊन येईल. तारखा चाळताना बोट तिथे थांबलं."

आबा जरासे हसले. "मगे ठीक आसा. ही हावस झाली, लबाडी नाय. आता तारीख काडून टाक."

"काढली."

"काडलंस, पण चूक झाली असा लिवलंस?"

"नाही."

"मगे लिव. नायतर लोक म्हणतले, लपवल्यानी. लिव की ही तारीख देवान दिलेली नाय, धुऱ्यांच्या घरची चूक आसा."

"धुऱ्यांची कशी? माझी एकटीची आहे."

"तू खयच्या घरात रवतंस?" असं म्हणून त्यांनी खोरं उचललं आणि पुन्हा आळ्याला लागले.

मी तसं लिहिलं. त्याच पानावर, ठळक अक्षरांत, आणि या वेळी 'अधिक वाचा'च्या वर. प्रभाकर मेस्त्रींनाही फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "तिकिटा असांदेत. एकदा सोडली तर परत गावची नाय. देवाच्या मनात काय आसा ता कोणी बगल्यान?"

दसऱ्याला कमिटी देवळाच्या मंडपात बसली, आणि मी मनातल्या मनात ज्याला घाबरत होते तेच झालं. आम्ही बायका मागे खांबांपाशी होतो. राघो धुरी उठले. ते आबांचे चुलतभाऊ, आमच्याच कुंपणापलीकडचे. आबांनंतर गाऱ्हाण्याचा मान त्यांचा. बोलणं तिखट, आणि दोन्ही घरांत वहाळाच्या पाण्यावरून जुनी धुसफूस.

"भिवा," राघोकाका म्हणाले, "देवदिवाळीक आमी देवाक काय इचारूचा? तारीख तुझ्या सुनेन दिली, मुंबयवाल्यांनी तिकिटा काढली. आता देवान फक्त मान हालवची रवली हा."

कोणीतरी हसलं.

"चूक झाली," आबा म्हणाले. "तशी लिवली पण आसा."

"लिवल्यान काय होता? फाल्या शनवारचोच कौल लागलो, तर लोक काय म्हणतले? भिवान आपल्या सुनेचो शबूद राखूक देवाक वळवल्यान. गुरवाक पढवल्यान. आमच्या पोरांका आमी काय सांगूचा, देव बोलता काय कंप्युटर?"

आबांच्या मानेवरची शीर ताठ झालेली मला मागून दिसत होती. ते उठले, देवाकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "शनवारचो कौल लागलो तर त्या दिसापासून हो भिवा धुरी गाऱ्हाण्याक उभो रवाचो नाय. मान राघोचो. ह्या देवासमोर सांगतंय."

असं काही होईल हे राघोकाकांच्याही ध्यानात नसावं. ते खाली बसले.

त्यानंतरचे पावणेदोन महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. शनिवार लागला तर आबांचा मान जाणार. तोही फसवणुकीचा डाग घेऊन, कारण गाव म्हणणारच की पकडला गेला म्हणून सोडला. दुसरा दिवस लागला तर दोनशे चाळीस माणसांची तिकिटं वाया, आणि जत्रेला गावातली निम्मी घरं कुलूपबंद. वर्षातून एकदा तर ती उघडतात. दोन्हीकडून मीच कारण. रोज संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावताना काय मागायचं ते मला कळायचं नाही. कधी शनिवार मागायची, मग घाबरून तो परत घ्यायची.

आबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांचं जेवण निम्म्यावर आलं होतं. दुपारी पडायची सवय होती ती सुटली, ते नुसते ओसरीवर बसून असायचे. सासूबाई मला म्हणायच्या, "तू मनाक लावन घेव नको. तेंका मान सोडूचा वायट वाटणा नाय. देवाक इकल्यान म्हणतीत, तेचा वाटता." त्याने माझं ओझं कमी व्हायचं नाही, वाढायचंच. माझा नवरा दिगंबर गोव्यात कामाला, शनिवारी रात्री यायचा. तो म्हणायचा, होईल सगळं नीट. नवऱ्यांचं ते ठरलेलं वाक्य असतं.

कौलाचा दिवस सोमवार होता. सकाळी नऊलाच मंडप भरला. मी पुढे यायचं नाही असं ठरवलं होतं, पण आबांनीच हाक मारून मला बायकांच्या पहिल्या रांगेत बसवलं. "चूक तुझी आसा, तर डोळ्यांनी बग," एवढंच म्हणाले. रागाने नाही, सरळ.

कौलाची रीत साधी आहे. सदा गुरव देवाच्या पाषाणावर पाण्यात भिजवलेल्या दोन पाकळ्या चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. मानकरी एक दिवस सांगून देवाला विचारतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नकार आला की पुढचा दिवस.

सदा पाकळ्या भिजवायला लागला तेवढ्यात राघोकाका म्हणाले, "भिवा, माका वाटता शनवार सोडून दी. बाकीचे दिस इचार. म्हणजे कोणाच्या तोंडात काय येवचा नाय."

दोन-चार जणांनी माना डोलावल्या. मलाही ते पटलं. शनिवार विचारलाच नाही तर तो लागणार कसा? आबांचा मान तरी वाचला असता. माझ्या तोंडून "हो" निघणारच होतं.

"नाय," आबा म्हणाले. "दरवर्सा सगळे दिस इचारतो. एक दिस माझ्या सोयीसाठी गाळलो, तर तीच खरी लबाडी. शनवार पयलो इचारतंय."

ते उभे राहिले. उपरणं कमरेला बांधलं, हात जोडले आणि त्यांचा तो आवाज निघाला. दोन महिने घरात नीट तोंड न उघडलेला माणूस हाच का, असं मला वाटलं.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा."

"होय म्हाराजा," गाव म्हणाला.

"आज धामणगेरीची बारा वाड्येची लेकरा तुझ्या पायाकडे जमली आसत म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"वर्सापरमाणे तुझ्या जत्रेचो दिस इचारूक इली आसत. पण यंदा एक चूक झाली म्हाराजा. माझ्या सुनेन तुका इचारूच्या आदी तुझी तारीख कंप्युटरार घातल्यान. पोर परमुलखातली आसा. तिका आपली आवय येवक व्हयी होती. तेच्यात लबाडी नव्हती म्हाराजा."

"होय म्हाराजा." आवाज थोडा विरळ आला. मी मान वर केली नाही. भर गावात माझ्या आईचं नाव निघालं होतं आणि माझे डोळे भरून आले होते.

"त्या तारखेर इस्वास ठेवन तुझी मुंबयची लेकरा निघाली आसत. दोनशे चाळीस जणांनी तिकिटा काढल्यानी. ती सगळी तुझीच आसत म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"आणि ह्या भिवा धुऱ्यान तुझ्यासमोर शबूद दिल्यान, शनवार लागलो तर मान सोडतलंय. तो शबूद माझो म्हाराजा. तेचा बंधन तुझ्यार नाय. तुका शनवार बरो वाटत असात तर शनवारच दी. माझ्या मानासाठी ह्या लेकरांका मागे फिरवू नको म्हाराजा."

कोणी काहीच बोललं नाही. गावाला वाटलं होतं, आबा आडून का होईना, दुसरा दिवस मागतील. कोणीही मागितला असता. आबा हात जोडून थांबले होते. गाऱ्हाण्याला गावाचा होकार मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

"होय म्हाराजा," पुढच्या रांगेतून एकटा आवाज आला. तो राघोकाकांचा होता. मग सगळा मंडप एकदम म्हणाला.

"आणि शनवार बरो वाटत नसात तर तसा सांग. चूक पोटात घाल आणि लेकरांका वाट दाखय म्हाराजा."

"होय म्हाराजा."

सदा गुरवाने पाकळ्या चिकटवल्या आणि बाजूला झाला. पहिली पाच मिनिटं काही झालं नाही. कोणी खोकत नव्हतं. एका बाईने रडणाऱ्या पोराला बाहेर नेलं. मग उजवी पाकळी जराशी सरकली. इंचभर खाली आली आणि तिथेच चिकटून राहिली. माझ्या शेजारी सासूबाईंनी माझं मनगट धरलं होतं, ते इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मी आबांकडे पाहिलं. ते पाकळीकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते.

डावी पाकळी सुटली आणि खाली पडली.

"डावो कौल," सदा म्हणाला. "शनवार नाय."

माझ्या मनात आधी दोनशे चाळीस हा आकडा आला. आणि तेवढ्यात मंडपभर लोकांनी श्वास सोडल्याचा आवाज मी ऐकला. आबांचे खांदे खाली आले. त्यांनी डोळे मिटले, दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि हात तसेच तोंडावर ठेवून उभे राहिले. देवाकडे शनिवार मागणारा माणूस शनिवार मिळाला नाही म्हणून इतका सुखावलेला मी तरी पुन्हा पाहिला नाही. आणि खरं सांगायचं तर मीही सुखावले. दोन महिने काय मागावं ते कळत नव्हतं, ते मला ती पाकळी पडल्यावर कळलं.

मग रविवार विचारला. डावी. सोमवार विचारला. डावी. मंगळवारालाही डावी. बुधवार, चार फेब्रुवारी, म्हणून आबांनी विचारलं आणि सदाने हात काढायच्या आत उजवी पडली. बायका हसल्या. गूळखोबरं वाटलं गेलं.

पण मला अजून एक काम उरलं होतं. देवळाच्या आवारात जिथे फोनला रेंज मिळते त्या कट्ट्यावर मी गेले आणि प्रभाकर मेस्त्रींना फोन लावला. पहिल्याच घंटेला त्यांनी उचलला.

"कौल लागला," मी म्हटलं. "बुधवार, चार फेब्रुवारी."



"शनवार नाय?"

"नाही."

"नक्की नाय?"

"डावी पडली. सगळ्यांनी पाहिली. काका, मला माफ करा, माझ्यामुळे तुमची..."

ते ऐकतच नव्हते. फोन बाजूला धरून कोणाला तरी ओरडून सांगत होते, "बुदवार गो, बुदवार. शनवार नाय." मागे बायकांचा गलका झाला. कोणीतरी टाळी वाजवली. मी गोंधळून गेले. इथे मी माफी मागतेय आणि तिथे टाळ्या.

"सूनबाय," ते परत फोनवर आले, "सुटलंय गो मी."

"पण तिकिटं?"

"तिकिटांचा काय, रद्द होतत. तुका सांगतंय, दोन म्हयने माझी आवय माझ्याशी धड बोलाक नाय. म्हणता, तू देवाक तिकीट दाखवलंस. आजवर देवान बोलावल्यार आमी निघालो. ह्या वर्सा आमी आदी निघालो, आणि देवान बोलावकच नव्हता. सगळ्यांका तसाच वाटा होता, पण तिकिटा हातात असल्यार कोण बोलतलो? शनवार लागलो असतो मां, तर जल्मभर माका कळला नसता, देवान आमका बोलावल्यान काय आमीच तेका ओढून आणलो."

"मग आता येणार कसे? गाड्या तर भरल्या असतील."

"आदी कसे येय होतो? येश्टीन, टेम्पोन, उभ्यान. येतलो. देवान बोलावल्यान हा, आता कोण रवता?"

घरी आलो तर आबांनी दोन वाट्या पेज घेतली, वर भाजलेला पापड खाल्ला, आणि कोणाशी काही न बोलता आतल्या खोलीत जाऊन आडवे झाले. पाच मिनिटांत घोरायला लागले. सासूबाई दारात उभ्या राहून ते घोरणं ऐकत होत्या. मग मला हळूच म्हणाल्या, "तुझ्या आवयक फोन कर. भावाक सांग, बुदवारची रजा काड आणि तिका घेवन ये."

मी ओसरीवर फोन घेऊन येते तर कुंपणाच्या खिंडीतून राघोकाका येत होते. माझ्या कपाळावर आठी आली. आता यांना आणखी काय हवंय?

"भिवा आसा?"

"झोपलेत," मी जरा कोरडेपणाने म्हटलं. "उठवू का?"

"नको. झोपांदे. मी बसतंय."

ते ओसरीच्या कडेला बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी पाणी आणून दिलं, ते प्यायले आणि तांब्या हातात फिरवत म्हणाले, "सूनबाय, एक सांगू? भिवाक सांगू नको."

"सांगा."

"शनवार लागलो असतो तर मान माझ्याकडे इलो असतो. फाल्यापासून गाऱ्हाणा माका घालूचा लागला असता." ते थांबले. "माका गाऱ्हाणा येणा नाय."

"तुम्हाला?" मी विचारलं.

"तीस वर्सा ऐकतंय. वाटला, येता. भिवान शबूद दिल्यान त्या दिसापासून गोठ्यात जावन म्हणान बगतंय. पयले चार शबूद झाले काय पुढे सगळा गुळमटता. म्हस पण माझ्याकडे बगूक लागली. गेले आठ दिस माका झोप नाय गो. तो कौल उजवो पडलो असतो तर मी खंय तोंड लपवलंय असता?"

मला हसू आवरेना. तोंडाला पदर लावला. ते रागावले नाहीत, तेही हसले, आणि एवढ्या तिखट माणसाचं हसू इतकं भाबडं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"मगे इलंय," ते म्हणाले. "म्हटला, भिवा उठलो काय तेका सांगूया, माका शिकय. कधीतरी तर मान येतलोच. वायच वायच पाठ आसा. बग." त्यांनी हात जोडले आणि अंगणाकडे तोंड करून दबक्या आवाजात सुरू केलं, "बा देवा रवळनाथा म्हाराजा... बारा वाड्येच्या वसा म्हाराजा... हद्दीवरच्या राखणदारा..."

आतलं घोरणं थांबलं होतं, ते आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

"राघ्या," खोलीतून आबांचा झोपाळलेला आवाज आला, "आदी राखणदार, मगे बारा वाड्ये. परत म्हण."